बोर्ड बदलला आणि लायसन्स गेलं

कॅबिनेट उघडलं तर आत धूळ नव्हती, कापूस होता. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्याचं ऑफिसचं मशीन, लूम आणि ऑफिसच्या मधे फक्त एक काचेचं पार्टिशन, त्यामुळे तंतू उडून उडून एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या, जाळीवर आणि प्रोसेसरच्या फॅनवर गादी भरल्यासारखे बसलेले. ब्लोअर मारून साफ केलं तेव्हा दिसलं की प्रोसेसरशेजारचे तीन कपॅसिटर वरून फुगलेत. मशीन चालू व्हायचं, दहा-पंधरा मिनिटं चालायचं आणि हँग. अख्खा उन्हाळा त्यांनी ते असंच दामटलं होतं, सोलापुरातला उन्हाळा, वरती पत्रा, मग दुसरं काय होणार.

हे २०२५ च्या जुलैतलं. माझं नव्या पेठेत रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, असेंबल, सर्व्हिस, सीसीटीव्ही सगळं बघतो, पण खरं काम म्हणजे जुनी मशीन्स परत उभी करणं. आणि ह्या कामात आम्ही बोर्ड, रॅम, एसएसडी ह्याचाच विचार करतो, विंडोज आणि हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरच्या लायसन्सचा विचार शेवटी, मशीन गिऱ्हाइकाच्या टेबलावर पोचल्यावर. मी पण तेच केलं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण ह्या एका मशीनपायी मी सहा महिन्यांत जेवढं शिकलो तेवढं आधीच्या दहा-बारा वर्षांत शिकलो नव्हतो.

मालकांना मी दोन रस्ते सांगितले. एक, कपॅसिटर बदलून बघू किंवा तोच जुना बोर्ड सेकंडहँड शोधू. दोन, बोर्ड प्रोसेसर नवीन घेऊ. मशीन २०१३ चं, थर्ड जनरेशनचा आय५, म्हणजे विंडोज ११ ला चालणारच नाही, त्याला इंटेल असेल तर आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० हे सुरक्षेचं मॉड्यूल लागतं. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार हे तर माहीतच होतं. मालक म्हणाले, "सारखं सारखं नको ओ, एकदाच करून टाका." मग एच६१० बोर्ड, बाराव्या जनरेशनचा आय३, १६ जीबी रॅम, नवी एनव्हीएमई एसएसडी, कॅबिनेट तेवढं जुनं ठेवलं.

खोलायच्या आधी मी डेटा काढून घेतला आणि एक की फाइंडर, म्हणजे मशीनमधली लायसन्सची की दाखवणारा प्रोग्राम, चालवून विंडोजची २५ अक्षरी की वहीत उतरवून ठेवली. मला वाटलं झालं, लायसन्सची काळजी मिटली. नव्या बोर्डावर विंडोज ११ प्रो टाकलं, वहीतली की मारली, त्यानं घेतली पण, एडिशन प्रो दाखवलं, पण नेट लावल्यावर ॲक्टिव्हेशनमधे मेसेज आला की ह्या डिव्हाइसचं डिजिटल लायसन्स सापडत नाही. परत मारली. परत तेच. मग मी त्या कीची शेवटची पाच अक्षरं नीट बघितली, ३व्ही६६टी. हीच पाच अक्षरं मी आधी दुसऱ्या मशीनवर पण बघितली होती. जुन्या जॉबकार्डांचा गठ्ठा काढून बसलो तर चार वेगवेगळ्या गिऱ्हाइकांच्या कार्डावर तीच.

ती की त्या मशीनची नव्हतीच. विंडोज १० प्रो जिथं जिथं फुकट अपग्रेडनं आलंय तिथं सगळीकडं तीच की दिसते, ती नुसती एडिशन कुठली हे सांगायला असते, तिच्यात लायसन्स नसतं. ह्या मशीनला मुळात विंडोज ७ प्रो होतं, कंपनीकडून आलेलं. जुलै २०१५ ते जुलै २०१६ मधे मायक्रोसॉफ्टनं फुकट अपग्रेड दिलं होतं तेव्हा कुणीतरी १० वर नेलं. त्या अपग्रेडच्या वेळी मशीनच्या हार्डवेअरची एक खूण तयार होऊन सर्व्हरवर नोंद होते की हे मशीन ॲक्टिव्ह आहे. ह्यालाच डिजिटल लायसन्स म्हणतात. त्या खुणेत सगळ्यात जास्त वजन मदरबोर्डाला. हार्डडिस्क बदला, रॅम बदला, काही होत नाही. बोर्ड बदलला की सर्व्हरच्या दृष्टीनं ते वेगळंच मशीन झालं.

आणि नियम पण तसाच आहे, हे मला तेव्हा कळलं म्हणजे नीट कळलं. मशीनबरोबर आलेलं जे ओईएम लायसन्स असतं ते त्या मशीनचं, आणि मशीन म्हणजे बोर्ड. बोर्ड खराब झाला आणि त्याच मेकचा तोच मॉडेल किंवा कंपनीनं बदली म्हणून दिलेला बोर्ड बसवला तर लायसन्स राहतं. आपण अपग्रेड म्हणून दुसराच बोर्ड टाकला तर ते नवीन मशीन धरतात, नवीन लायसन्स घ्यायचं. म्हणजे मी मालकांना जे दोन रस्ते सांगितले त्यात पहिल्या रस्त्याला विंडोजचा खर्च नव्हता आणि दुसऱ्याला होता, आणि हे मी त्यांना कोटेशन देताना सांगितलंच नाही कारण मलाच माहीत नव्हतं. कॅबिनेटवर विंडोज ७ चं स्टिकर होतं खरं, पण बारा वर्षं हात लागून घासून २५ पैकी अकरा-बाराच अक्षरं वाचता येत होती, आणि वाचता आली असती तरी ती ओईएमचीच की, जुन्या बोर्डाबरोबरच गेलेली.

पण खरा फटका विंडोजचा नव्हता. विंडोज ॲक्टिव्हेट नसलं तरी मशीन बंद पडत नाही, उजव्या कोपऱ्यात खाली ते पुसट अक्षर येतं, वॉलपेपर वगैरे बदलता येत नाही, काम चालू राहतं. १७ जुलैला गुरुवारी दुपारी मी मशीन नेऊन बसवलं, टॅली टाकलं, डेटा रिस्टोअर केला, कंपनी उघडली, आकडे सगळे बरोबर, चहा घेऊन निघालो. संध्याकाळी सहाला त्यांच्या अकाउंटंट ताईंचा फोन. "दादा, आजची तारीखच घेईना ओ हे. एक, दोन आणि एकतीस एवढंच घेतंय."

ज्यांनी टॅली वापरलंय त्यांना लगेच कळलं असेल. लायसन्स नसलं की टॅली एज्युकेशनल मोडमधे जातं, मग महिन्यातल्या ठरावीक दोन-तीन तारखा सोडून एंट्री मारता येत नाही. टॅलीचं लायसन्स पण मशीनला बांधलेलं असतं. मशीन बदलायचं असेल तर जुन्यावरून आधी सरेंडर करायचं आणि मग नव्यावर ॲक्टिव्हेट करायचं, चालू मशीनवर दोन मिनिटांचं काम. आणि ते जुनं मशीन माझ्याकडं दोन दिवस होतं, दहा-पंधरा मिनिटं का होईना चालत होतं, मी त्या वेळात डेटा काढला, फोटो काढले, प्रिंटरची सेटिंग उतरवली आणि सरेंडर तेवढं केलं नाही. २० तारखेपर्यंत जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, जीएसटीआर-३बी, भरायचं, म्हणजे हातात तीन दिवस.

जुना बोर्ड परत टेबलावर मांडला, जुनी डिस्क लावली, तर आता तो चालूच होईना. काढताना घालताना त्याचा उरलासुरला जीव गेला असणार. मग राहिला एकच रस्ता, ॲडमिनच्या मेल आयडीनं टॅलीच्या पोर्टलवर लॉगिन करून तिथून जुनं लायसन्स सोडवायचं, आणि नव्या मशीनवर ॲक्टिव्हेट करताना जी की येते ती पण त्या मेलवरच. मेल आयडी कुणाचा? आधीच्या अकाउंटंटचा, जे चार वर्षांपूर्वी काम सोडून पुण्याला गेले. मालकांकडं त्यांचा नंबर होता, फोन लागला, माणूस चांगला, पण तो मेल त्यांनी दोन वर्षं उघडलेला नाही, पासवर्ड आठवत नाही, आणि रिकव्हरीचा ओटीपी जाणार त्यांच्या जुन्या नंबरवर. तो नंबर आता त्यांच्या आईच्या फोनमधे, आई बार्शीला.

शुक्रवार सगळा त्यात गेला. शनिवारी दुपारी बार्शीच्या मावशींना फोन लावून, त्यांचा मुलगा, म्हणजे ते आधीचे अकाउंटंट, पुण्याहून कॉन्फरन्सवर, मी कारखान्यात मशीनसमोर, मावशींना मेसेजमधले सहा आकडे वाचायला सांगतोय तर त्या चष्मा शोधतायत आणि ओटीपी संपतोय. तिसऱ्या वेळी जमलं. त्या माऊलीनं एका शब्दानं कुरकुर केली नाही, उलट विचारलं, "झालं का रे बाबा तुझं काम?" संध्याकाळी पाचला टॅली उघडलं तेव्हा वर लायसन्सचा सिरीयल नंबर आला, ताईंनी १९ तारीख टाकून बघितली, घेतली. त्या रात्री नऊपर्यंत बसल्या आणि रिटर्न भरूनच घरी गेल्या. त्यांच्या घरी लहान मूल आहे. मला ते अजून लागून राहिलंय.

आता विंडोज. मी मालकांना सरळ सांगितलं की माझ्याकडून हे आधी सांगायचं राहिलं, रिटेल लायसन्स, म्हणजे मशीनबरोबर न येता वेगळं विकत मिळणारं, घ्यावं लागेल, पाच आकडी रक्कम आहे, मी त्यात माझा एक रुपया ठेवणार नाही. ते म्हणाले, "अहो इतकी वर्षं तर हेच चालत होतं, आता परत पैसे कशाचे?" त्यांचं पण चूक नाही. माणसाला वाटतं एकदा विंडोज घेतलं की घेतलं. कोपऱ्यातलं अक्षर तसंच राहू दे, दिवाळीनंतर बघू असं ठरलं.

पण त्यांचा पुतण्या, बीकॉमला आहे, हुशार पोरगा, त्यानं टॅलीच्या गडबडीत गुरुवारी रात्रीच ऑनलाइन कुठूनतरी पाचशे रुपयांत विंडोजची की घेतली होती. कीबरोबर दोन ओळींच्या कमांड पण आल्या होत्या, त्या ॲडमिन म्हणून मारायच्या. मारल्या, अक्षर गेलं. मला शनिवारी त्यानं अभिमानानं स्क्रीन दाखवली, विंडोज इज ॲक्टिव्हेटेड. त्या वेळी मी तिथंच कमांड मारून बघायला पाहिजे होतं की हे ॲक्टिव्हेशन कुठल्या चॅनेलचं, म्हणजे कुठल्या प्रकारच्या लायसन्सचं, आहे. नाही बघितलं, दोन दिवसांचा थकवा होता आणि खरं सांगायचं तर मालकांचे पैसे वाचले म्हणून मला पण बरंच वाटलं.

इथं थोडं विषयांतर करतो, कारण ह्या प्रकारानंतर मी प्रत्येक मशीन उघडायच्या आधी बघायला लागलो आणि बऱ्याच गोष्टी हाताला लागल्या. एसएलएमजीआर स्लॅश डीएलव्ही ही कमांड मारली की एक खिडकी उघडते, त्यात चॅनेल लिहिलेला असतो, ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम, आणि कीची शेवटची पाच अक्षरं. मी त्याचा मोबाईलवर फोटो काढतो आणि जॉबकार्डाला नंबर टाकून ठेवतो. ओईएम दिसलं की गिऱ्हाइकाला तिथंच सांगायचं, बोर्ड बदलला तर विंडोजचा खर्च वेगळा. रिटेल दिसलं आणि शेवटची पाच अक्षरं ती सगळीकडं दिसणारी ३व्ही६६टी नसली, म्हणजे की खरंच विकत घेतलेली असली, तर जुन्यावरून काढून नव्यावर टाकता येते.

ऑगस्टमधे एक इंजिनिअरिंगची मुलगी लॅपटॉप घेऊन आली, विजापूर रोडची, विंडोज ॲक्टिव्हेट होत नाही म्हणून. आधी कुणीतरी फॉरमॅट मारून दिलेला आणि विंडोज ११ प्रो टाकलेलं. आपल्याकडच्या बहुतेक लॅपटॉपला कंपनीकडून होम सिंगल लँग्वेज येतं, आणि विंडोज ८ पासून पुढच्या मशीन्सना ती की बायोसमधेच बसवलेली असते. लायसन्स सिंगल लँग्वेजचं आणि वर टाकलेलं प्रो, मग कसं जुळणार. ती म्हणत होती, "नवीन घ्यायला लागेल का ओ, घरी सांगायला भीती वाटतेय." मी तिचा डेटा काढला, सिंगल लँग्वेज टाकलं, वायफाय लावलं, कुठंच काही न टाकता आपोआप ॲक्टिव्ह झालं. फॉरमॅटचे तेवढे पैसे घेतले. तिच्या चेहऱ्यावरचं टेन्शन उतरलेलं बघून मला दिवसभर बरं वाटत होतं.

आणि एक जुनी आठवण, २०१९ ची, एका वकील साहेबांची. त्यांच्याकडं खोक्यातलं रिटेल विंडोज होतं, बिलासकट जपून ठेवलेलं. जुनं मशीन गेलं, नव्यावर की टाकली, तर ऑनलाइन ॲक्टिव्हेट होईना. मग फोनचा रस्ता. तेव्हा स्क्रीनवर सात-सात आकड्यांचे नऊ गट यायचे, ६३ आकडे, ते फोनवर टाकायचे, मग तिकडून ४८ आकडे सांगायचे ते इकडं भरायचे. दुकानाबाहेर नव्या पेठेतली संध्याकाळची गर्दी आणि हॉर्न, मी शटर अर्धं खाली ओढून, वकील साहेब एकेक गट वाचतायत आणि मी दाबतोय. वीस मिनिटांत ॲक्टिव्ह. तेव्हा मला वाटलं होतं ही नशिबाची गोष्ट आहे. नशीब नव्हतं ते, त्यांनी पहिल्यांदा पैसे मोजून अशी गोष्ट घेतली होती जी बोर्डाला बांधलेली नव्हती.

क्रॅकबद्दल, म्हणजे लायसन्स न घेता विंडोज फसवून ॲक्टिव्हेट करण्याबद्दल, पण स्पष्ट लिहितो. दुकानात रोज निदान एक माणूस म्हणतो, "मारून टाका की ओ तसंच, सगळेच मारतात." मी मारत नाही. त्यापायी गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीत जातं, जाऊ दे. असल्या ॲक्टिव्हेटरबरोबर पहिली सूचनाच असते की अँटिव्हायरस बंद करा. ज्या मशीनवर नेट बँकिंग चालतं, जीएसटी भरतात, डिजिटल सिग्नेचरचं टोकन लावतात, तिथला अँटिव्हायरस मी माझ्या हातानं बंद करून कुणाची तरी अनोळखी फाइल चालवायची, हे मला पटत नाही. बोनाफाईडचा अर्ज टाइप करायचा कॉम्प्युटर असो नाहीतर कारखान्याचा, माझ्या हातून गेलेलं मशीन आहे.

तर जानेवारी. १३ तारीख, भोगी, सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, गाव सगळं त्याच गडबडीत. मी घरी बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी घेऊन बसलो होतो आणि पुतण्याचा फोन आला की ते अक्षर परत आलंय. नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळं नेहमीचा रस्ता बंद, लांबून वळसा घालून कारखान्यात पोचलो. डीएलव्ही मारलं. चॅनेल, व्हॉल्यूम केएमएस क्लायंट.

मी त्या पोराला शेजारी बसवून कॅलेंडर काढलं. असली की मोठ्या कंपन्यांसाठी असते, त्यांच्या शेकडो मशीन्स असतात आणि कंपनीच्या आत स्वतःचा एक सर्व्हर असतो. प्रत्येक मशीन त्या सर्व्हरला अधूनमधून भेटून येतं. एका भेटीवर १८० दिवस चालतं, त्यात परत भेट झाली की परत १८०. तुला ज्या दोन ओळी दिल्या त्यातल्या एका ओळीत विकणाऱ्यानं आपल्या कुठल्यातरी सर्व्हरचा पत्ता घातला होता. १७ जुलैच्या रात्री एकदा भेट झाली, त्यानंतर तो सर्व्हर परत बोललाच नाही. मोज आता. त्यानं बोटं लावून मोजलं, जुलैचे १४, मग ऑगस्ट, सप्टेंबर, शेवटी १३ जानेवारी, बरोबर १८०. ज्या पानावरून घेतलं ते पान उघडून बघितलं तर पानच नाही. पोरगं एकदम गप्प झालं. मी म्हटलं, अरे तू चोरी करायला गेला नव्हतास, पैसे देऊन घेतलंस, पण समोरच्याकडं विकायला जे नव्हतं तेच त्यानं तुला विकलं.

मालक सगळं ऐकत होते. म्हणाले, "आता कायमचं करा. बिल कारखान्याच्या नावावर पाहिजे." बिल जीएसटी नंबरसकट कारखान्याच्या नावावर घेतलं म्हणजे १८ टक्के इनपुट पण मिळतो, हे ताईंनी सांगितलं, आणि खरं म्हणजे त्यानंच मालकांचा निर्णय पक्का झाला असं मला वाटतं. संक्रांत झाल्यावर रिटेल विंडोज ११ प्रो मागवलं. जुनी की काढली, पुतण्यानं भरलेला तो सर्व्हरचा पत्ता पण पुसला, नवीन टाकली, ॲक्टिव्हेट. एका मिनिटाच्या आत झालं. चॅनेल रिटेल.

मग मेलचं काम. कारखान्याच्या नावानं नवा मेल आयडी काढला, रिकव्हरीला मालकांचा नंबर आणि दुसरा ताईंचा. त्या मेलनं मायक्रोसॉफ्टचं अकाउंट काढून लायसन्स त्याला जोडलं, म्हणजे उद्या हा बोर्ड गेला तर ट्रबलशूटरमधे हार्डवेअर बदललंय म्हणून सांगून ओढून घेता येईल. टॅलीचा ॲडमिन मेल पण बदलून तोच केला, त्यासाठी पुण्याला आणखी एक फोन करावा लागला. डिस्क एनक्रिप्ट झालीय का ते बघितलं, झाली होती, म्हणून तिची ४८ आकडी रिकव्हरी की प्रिंट काढली, कारण बायोसमधे काही बदल झाला की मशीन ती मागून बसतं आणि ती नसली तर डेटा गेलाच समजा.

की कार्ड, बिल, रिकव्हरीचा कागद आणि मेलचा पासवर्ड असं सगळं एका ब्राऊन पाकिटात घातलं. मालकांच्या आई ऑफिसात बसल्या होत्या, वय ऐंशीच्या पुढं, पाकीट त्यांच्या हातात गेलं. त्यांनी विचारलं ह्यात काय आहे, मालकांनी तेलुगूत काहीतरी समजावलं, बराच वेळ. त्यांनी पेन मागून घेतला, पाकिटावर तेलुगूत दोन ओळी लिहिल्या आणि मशीनच्या खरेदीचे जुने कागद ज्या लोखंडी कपाटात आहेत त्यात ठेवून किल्ली कमरेला लावली. काय लिहिलं म्हणून मी पुतण्याला विचारलं. "कॉम्प्युटरचा सातबारा, असं लिहिलंय," तो म्हणाला.